दोन लाख व्होल्टचा अर्ज

भारंबे सरांनी अर्जात 'दोन लाख व्होल्ट' असं लिहायलाच नको होतं. लिहायचं होतं तर आकड्यात लिहून थांबायचं होतं, पुढे 'अक्षरी दोन लाख' कशाला? पण तेहतीस वर्षं फिजिक्स शिकवलेला माणूस, उत्तरापुढे एकक नसलं तर अर्धा मार्क कापणारा. त्याला अर्ज लिहायला बसवला की तो खरं लिहितो. आणि खरं लिहिलेला अर्ज आपल्याकडे कोणत्या टेबलावरून पुढे सरकलाय, ते एकदा कोणीतरी दाखवावंच.

तर अर्जाचा विषय असा: 'वार्षिक विज्ञान प्रदर्शनात स्वतः तयार केलेले व्हॅन डी ग्राफ जनित्र मांडण्यास परवानगी मिळणेबाबत.' नाव ऐकून दचकू नका. एक उभा प्लास्टिकचा पाइप, त्यात वर-खाली दोन रूळ, रुळांवर फिरणारा रबरी पट्टा आणि सगळ्यांच्या डोक्यावर स्टीलचा पोकळ गोळा. पट्टा घासला की विद्युत प्रभार तयार होतो, पट्ट्यावर बसून वर जातो आणि गोळ्यावर साठतो. भरपूर साठला की बोट जवळ न्यायचं. कडाड्! ठिणगी. एवढंच ते.

या एवढ्याशासाठी सर का हटून बसले होते, तेही सांगतो. हेमराज भारंबे मूळचे मुक्ताईनगरकडचे, नोकरी चाळीसगावच्या एका ज्युनियर कॉलेजात. मे महिन्यात निवृत्ती. बारावीचा पहिला धडा स्थितविद्युत, म्हणजे प्रभार, क्षेत्र, विभव. हा धडा त्यांनी तेहतीस वेळा शिकवला आणि तेहतीसही वेळा नुसत्या खडूने. फळ्यावर गोल काढायचा, त्यात अधिकची चिन्हं भरायची आणि म्हणायचं, "समजा, हा प्रभारित गोळा आहे." पोरं समजायची. समजून समजून इंजिनिअर झाली, पण प्रभार नावाची वस्तू सरांच्या वर्गात एकाही पोराने डोळ्यांनी बघितली नाही.

आणि गेली सात-आठ वर्षं तर समजायलाही कोणी नव्हतं. यंदा हजेरीपटावर एकशे वीस नावं. त्यातली एकशे एकोणीस तेजस सरांच्या क्लासमध्ये. हा तेजस म्हणजे सरांचाच जुना विद्यार्थी, आता स्टेशन रोडवर तीन मजले क्लास चालवतो. पोरं दिवसभर तिकडे असतात आणि कॉलेजच्या पटावर रोज हजर असतात. कशी असतात ते विचारायचं नाही, संस्था चालते त्यावर. उरली एक, दिपमाला. तिच्या गावची एस.टी. साडेदहाला पोहोचायची आणि क्लास पहाटे सहाला भरायचा, म्हणून ती कॉलेजात यायची. सर रोज एकशे वीस हजेऱ्या मांडायचे आणि एका मुलीला शिकवायचे.

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी मात्र सगळी एकशे वीस एका हॉलमध्ये यायची, कारण संस्थेचे अध्यक्ष यायचे. सरांनी दिवाळीतच बायकोला सांगून टाकलं होतं, "कुंदा, एक दिवस, एक ठिणगी. त्या सगळ्यांनी बघितली पाहिजे. नाहीतर मी तेहतीस वर्षं नुसतं समजा-समजा करून घरी आलो, असं होईल." कुंदाबाईंनी बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ भिजवायची स्टीलची दोन मोठी गोल भांडी धुऊन पुढे ठेवली. ती एकमेकांवर पालथी घातली आणि गोळा तयार झाला. संसारात याहून मोठा होकार नसतो.

पाइप शेतातून आला. मोटर जुन्या शिलाई मशीनची. अडलं ते रबरावर. सरांनी आधी सायकलची ट्यूब कापून पट्टा केला. पट्टा फिरफिर फिरला, गोळा ढिम्म. चार दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला की काळ्या रबरात काजळी असते, तिच्यातून प्रभार पळून जातो. सरांना स्वतःचीच लाज वाटली. मग ते मेडिकलवर गेले आणि गादीवर टाकायचं लाल रबरी कापड मागितलं. दुकानदाराने विचारलं, "बाळंतिणीसाठी?" सर घाईत होते. "हो हो, तेच," म्हणाले. "घरीच का?" "घरीच." संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या तीन बायका कुंदाबाईंकडे साखर मागायला येऊन गेल्या. साखर एकीनेही नेली नाही. सगळ्यांनी कुंदाबाईंच्या पोटाकडे बघून घेतलं आणि गेल्या. बाईंचं वय चोपन्न. दोन दिवस त्या सरांशी बोलल्या नाहीत, आणि त्यात सरांची काही बाजू होती असं मलाही वाटत नाही.

शेजारी जीवराम नाना. वीज कंपनीत लाइनमन होते, आता पेन्शनीत. विजेचा विषय आणि नानांचा सल्ला नाही, असं कसं होईल? रोज सकाळी दातात काडी धरून ते सरांच्या ओट्यावर.

"मास्तर, हाई काय मांडेल शे तुम्ही?"

सरांनी सांगितलं. दोन लाख व्होल्ट ऐकल्यावर नानांनी काडी फेकून दिली. "मी तीस वरीस खांबवर काढात. तेहेतीस हजारना वर काही देखं नही. अर्थिंग कोठे शे?"

सर म्हणाले, तशी भीती नाही. मग त्यांनी आपला ठेवणीतला दाखला काढला. "नाना, गच्चीवर वाटीभर पाणी ठेवलं, तर उंची भरपूर, पण पाणी वाटीभरच ना? ते अंगावर पडलं तर माणूस वाहून जाईल का? व्होल्ट म्हणजे उंची. प्रभार म्हणजे पाणी. इथं उंची दोन लाख आणि पाणी वाटीभर."

नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सर कॉलेजात असताना कोळसा, मीठ आणि पहार घेऊन सरांच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा खणायला सुरुवात केली. शेजारधर्म. तीन फुटांवर नळाची पाइपलाइन लागली. ती फुटली. नळाला पाणी चार दिवसांआड यायचं आणि तो नेमका पाण्याचा दिवस. सर घरी आले तेव्हा अंगणात तळं होतं, अख्खी गल्ली हंडे घेऊन उभी होती आणि नाना कंबरभर पाण्यातून सांगत होते, "आते अर्थिंग एक नंबर व्हई!" गल्लीने पुढचे चार दिवस सरांचं नाव काढलं. नानांना कोणी काही म्हणालं नाही.

पण जानेवारीतल्या एका दुपारी यंत्र चाललं. आपल्याकडची थंडीतली हवा अशी कोरडी, की ओठ फुटतात. विजेच्या असल्या खेळाला हीच हवा लागते. कुंदाबाईंनी पट्टा आणि पाइप कोरड्या फडक्याने तीन-तीनदा पुसले. सरांनी बटण दाबलं. पट्टा सळसळला आणि जरा वेळाने कुंदाबाईंच्या वेणीतून सुटलेले केस आपोआप वर उठून गोळ्याकडे बघायला लागले. "अहो, हे काय होऊन राह्यलं?" म्हणत त्या मागे सरल्या. नाना मात्र खांबावर आयुष्य काढलेला माणूस. "माले काय व्हई?" म्हणत त्यांनी बोट पुढे केलं.

कडाड्!

"ओ माय वं! मारी टाकं रे माले!" नाना ओट्यावरून थेट खड्ड्यात. "मी परत इले हात लावाव नही!"

सर हसले नाहीत. ते रडत होते. बायकोसमोर, शेजाऱ्यासमोर, भर दुपारी, चष्मा काढून. तेहतीस वर्षं ज्या गोष्टीचं वर्णन केलं ती निळी, बारीक, वाकडी रेघ त्यांनीही पहिल्यांदाच बघितली होती.

आणि या आनंदाच्या भरात त्यांनी तो अर्ज लिहिला.

प्राचार्यांनी अर्ज वाचला, खिडकीतून बाहेर कॉलेजच्या मीटरकडे बघितलं, आणि अर्जावर 'तपासून सादर करावे' असं लिहून तो मोतीलालकडे पाठवला. मोतीलाल हेडक्लार्क. कॉलेज कोण चालवतं असं कोणी विचारलं तर प्राचार्य स्वतःचं नाव सांगतात, पण सांगण्याआधी मोतीलालकडे बघतात.

"सर," मोतीलाल म्हणाला, "आपल्या मीटरला दोनशे तीस मंजूर आहेत. वरचे एक लाख नव्याण्णव हजार सातशे सत्तर कुठून आणणार?"

सरांनी वाटीचा दाखला दिला. मोतीलालने वाटी बाजूला ठेवली. "ते असू द्या. वीज कंपनीचं ना-हरकत आणा."

वीज कंपनीच्या कार्यालयात सर पाच वेळा गेले. पहिल्या वेळी साहेब नव्हते. दुसऱ्या वेळी साहेब होते, लाइट नव्हती, आणि लाइट नसताना कॉम्प्युटर चालत नाही हे साहेबांनी सरांना समजावून सांगितलं, जणू सर भूगोल शिकवत होते. तिसऱ्या वेळी त्यांच्या हातात नव्या उच्चदाब ग्राहकाचा फॉर्म पडला. त्यात विचारलं होतं, मनोरे किती, वाहिनी कोणाकोणाच्या शेतातून जाणार, आणि पिकांच्या नुकसानीबाबत त्या शेतकऱ्यांची संमती जोडली आहे का. सरांनी प्रामाणिकपणे लिहिलं: मनोरे नाहीत, शेत नाही, टेबल एक.

चौथ्या वेळी रांगेत पुढे एक शेतकरी होता, जळालेल्या मोटरची तक्रार घेऊन आलेला. त्याने सरांच्या हातातला कागद वाचला आणि हात जोडले. "साहेब, आमना गावले दोनशे भी येत नही. मोटर जळी गयी. तुम्ही दोन लाख कोठेन लयनात?"

सर पुन्हा वाटीवर आले. उंची, पाणी, गच्ची, सगळं झालं. शेतकऱ्याने मान हलवत ऐकलं.

"मंग वाटीभर तरी द्या ना साहेब. बठ्ठं कोन मांगी राह्यनं?"

रांगेतले आणखी चौघे सरांकडे आशेने बघायला लागले, तेव्हा ते पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर पडले आणि त्या दिवशी परत आत गेलेच नाहीत. पाचव्या वेळी पत्र मिळालं. 'आपल्या महाविद्यालयाच्या आवारात दोन लाख व्होल्टची वाहिनी टाकण्याचे या कार्यालयाच्या विचाराधीन नाही, सबब ना-हरकत देता येत नाही व हरकतही घेता येत नाही.' हे पत्र सरांनी दोनदा वाचलं. वाक्य निर्दोष होतं. त्यांना त्याचाच जास्त राग आला.

शेवटी मोतीलालनेच मार्ग काढला. प्रदर्शनाच्या यादीत 'विद्युत उपकरण' म्हटलं की परवानगी लागते. 'शोभेची वस्तू' म्हटलं की काहीच लागत नाही. त्याने सरांसमोर पेनाने एक खोडलं आणि दुसरं लिहिलं. "सही करा सर. नावात काय आहे?"

सरांच्या मनात आलं, पेन फेकून द्यावं. तेहतीस वर्षांची नोकरी, फिजिक्स विभागप्रमुख, आणि आपल्या हाताने केलेलं यंत्र फुलदाणीच्या रांगेत! पण प्रदर्शन आठ दिवसांवर होतं. त्यांनी सही केली. घरी आल्यावर कुंदाबाईंनी विचारलं, "परवानगी मिळाली?" तर म्हणाले, "मिळाली," आणि जेवण अर्धवट टाकून उठले.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला तो कोरडा खणखणीत. सरांना वाटलं, आज देव आपल्या बाजूने आहे. हॉलमध्ये सत्तावीस टेबलं होती. त्यात ज्वालामुखी आठ, पावसाचं पाणी साठवायची घरं अकरा. सव्विसावं टेबल सरांचं. सत्ताविसाव्यावर तेजस सरांच्या क्लासचा स्टॉल, कारण मांडव, माइक आणि समोसे क्लासतर्फे होते. कुंदाबाई मुद्दाम आल्या होत्या, पिशवीत तीन कोरडी फडकी आणि केस वाळवायचं यंत्र घेऊन. शेजारणीच्या मुलीचं होतं ते. त्या सकाळपासून पट्ट्याला गरम हवा देत होत्या. दिपमाला टेबलाला लागून उभी होती, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. सरांनी हळूच बटण दाबून एकदा बघून घेतलं. टिक् करून बारीकशी ठिणगी त्यांच्या बोटावर आली. झालं. आता फक्त एकशे वीस पोरं समोर यायची होती.

ती आली. त्यांच्यापुढे अध्यक्ष होते.

अध्यक्ष रतिलालभाऊ म्हणजे केळीचे मोठे व्यापारी. माणूस वाईट म्हणवत नाही, हेच तर दुखणं आहे. भाऊंचा एक नेम होता. नवा ट्रक असो, बोअर असो, केळी पिकवायची शीतखोली असो, नारळ फोडल्याशिवाय भाऊ कोणत्याही यंत्राचं बटण दाबू द्यायचे नाहीत. खानदेशात हे काही नवल नाही, आपणही सायकलला हार घालतो. ज्वालामुखी बघून झाले, पाण्याची घरं बघून झाली आणि भाऊ सव्विसाव्या टेबलासमोर थांबले.

"मशीन नवं आहे का, भारंबे सर?"

"हो भाऊ. स्वतः केलंय."

"मग पूजा?"

प्राचार्यांनी इकडे बघितलं, मोतीलालने तिकडे बघितलं, आणि पुढच्या मिनिटाला टेबलावर ताम्हण, कलश, हळद-कुंकू, नारळ, सगळं हजर. कुठून आलं देव जाणे. या कॉलेजात प्रयोगासाठी साधी टाचणी मागितली तर पंधरा दिवस लागतात. दाराशी स्वागताला केळीचे खांब बांधलेले होते, ते भाऊंच्या मानासाठी कोणीतरी उपसून टेबलाच्या पुढच्या दोन्ही पायांना बांधले. त्यांची ओली पानं गोळ्यावर टेकली. गोळ्याला कुंकू लागलं. झेंडूचा हार आला, पाण्याने निथळणारा, आणि गोळ्यावरून खाली पार टेबलापर्यंत लोंबला. वर लिंबू-मिरची, तारेत ओवलेली, तारेची दोन टोकं ताठ बाहेर.

सर बघत होते. टोकदार जागेतून प्रभार हवेत निसटतो. ओल्या वस्तूवरून तो जमिनीत उतरतो. पहिल्या धड्यातलं, पान बारा. हे त्यांना माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही. इथे त्यांच्याइतकं हे कोणालाच माहीत नव्हतं.

"अहो," कुंदाबाई दातांतल्या दातांत म्हणाल्या, "पाणी नका घालू म्हणा ना. सांगा त्यांना. मी पुसून पुसून मेले."

"गप बस, भाऊ आहेत," सर म्हणाले.

"सर," दिपमालाने त्यांच्या बाहीला हात लावला. "तारेची टोकं आहेत. आणि हार खाली टेकलाय. काढू का? चार्ज राहणार नाही."

ही वर्षभर शिकवलेली एकुलती एक मुलगी. तिने कोणी न विचारता, योग्य वेळी, योग्य उत्तर दिलं होतं. एखाद्या मास्तरला आयुष्यात आणखी काय पाहिजे असतं? सरांनी तोंड उघडलं. भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं, हातात नारळ, चेहऱ्यावर कौतुक.

"काय सर, फोडू ना?"

"हो भाऊ," सर म्हणाले. "फोडा ना."

भाऊंनी नारळ यंत्राच्या बैठकीवरच फोडला. पाणी खालच्या रुळावर गेलं, पट्ट्यावर गेलं, मोटरवर गेलं. उरलेलं भाऊंनी ओंजळीत घेऊन वर गोळ्यावर शिंपडलं. टाळ्या झाल्या.

"करा चालू!"

सरांनी बटण दाबलं. मोटर घरघरली. ओला पट्टा रुळावरून सटासट घसरायला लागला. ओल्या रबराचा वास सुटला. भाऊंनी बोट पुढे केलं, फोटोवाल्याने नेम धरला. काही नाही. भाऊंनी बोट आणखी पुढे नेलं. मग गोळ्यावर टेकवलं. मग अख्खा तळवा ठेवला. काही नाही. भाऊ तसेच, आशीर्वाद देत असल्यासारखे, उभे राहिले.

"सर, व्होल्टेज कमी आहे का?" मागून एक पोरगा ओरडला.

एकशे एकोणीस पोरं हसली. हसणारच. पोरांना काय दोष द्यायचा? सरांनी माइककडे हात केला. "त्याचं असं आहे, टोकदार वाहकावर विद्युत क्षेत्र फार जास्त असतं, त्यामुळे—" पण माइक तोवर निवेदकाकडे गेला होता. "आज मशीनचा उपवास दिसतोय!" तो म्हणाला. पुन्हा हशा. भाऊसुद्धा हसले आणि सरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "होतं असं. आमचा ट्रकही पहिल्या दिवशी बंद पडला होता."

शेजारच्या टेबलावर तेजस सरांनी ऑनलाइन मागवलेला काचेचा गोळा लावला. बोट टेकवलं की आतली जांभळी वीज बोटापाशी धावत येते, तो. पोरं तिकडे तुटून पडली. सेल्फी निघाले. कोणी विचारलं नाही की आत काय होतंय, आणि कोणी सांगितलंही नाही. पहिलं बक्षीस त्याला. तेजस मात्र जाताना सरांच्या पाया पडला. "तुमच्यामुळेच सर," म्हणाला. त्याला ते खरंच वाटत होतं, म्हणून जास्त लागलं.

घरी जाताना कुंदाबाई रिक्षात एकच वाक्य बोलल्या. "एकदा 'नाही' म्हणाला असता तर काय झालं असतं?" सर रस्त्याकडे बघत राहिले. मे महिन्यात निवृत्त होणाऱ्या माणसाचं कोण काय वाकडं करणार होतं? काहीच झालं नसतं. ठिणगी पडली असती, एवढंच.

सरांनी ठरवलं होतं की दोन दिवसांत यंत्र पुसून, वाळवून, निदान दिपमालाला तरी ठिणगी दाखवायची. पण भाऊंना यंत्र आवडलं होतं. आपल्या हातून पूजा झालेली वस्तू अडगळीत पडू नये, असा त्यांनी निरोप पाठवला. सोमवारी सर कॉलेजात आले तर यंत्र दारातच, काचेच्या कपाटात, हारासकट. मोतीलालने पट्टी लावली होती: 'मा. अध्यक्षांच्या शुभहस्ते उद्घाटन.' कपाटाला कुलूप. किल्ली भाऊंच्या बंगल्यावर. नवा हार दर गुरुवारी.

"माझं यंत्र आहे ते," सर म्हणाले.

"शोभेची वस्तू म्हणून तुमच्याच सहीने जमा आहे सर," मोतीलाल म्हणाला. त्याने आवाजही चढवला नाही.

फेब्रुवारीत प्रॅक्टिकल परीक्षा आली. एकशे वीस जर्नलं तपासून, सह्या करून, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांपुढे ठेवायची. मोतीलालने गठ्ठे सरांच्या टेबलावर आणून टाकले. एकशे एकोणीस जर्नलं तेजसच्या क्लासमधून छापून आलेली, पोरांनी फक्त नाव घातलेलं. यादीतला नववा प्रयोग सरांनी स्वतःच दिवाळीत उत्साहाने घातला होता: व्हॅन डी ग्राफ जनित्राचे निरीक्षण. एकशे एकोणीस जर्नलांत त्याची सुबक आकृती होती. खाली निरीक्षण: ठिणगी स्पष्ट दिसली. खाली लांबी, सेंटिमीटरमध्ये. खाली निष्कर्ष: प्रयोग यशस्वी.

शेवटचं जर्नल हाताने लिहिलेलं. दिपमालाचं. मोडक्या इंग्रजीत तिने लिहिलं होतं, 'ठिणगी पडली नाही. कारण गोळ्यावर तारेची टोकं होती आणि पट्टा ओला होता. प्रभार साठू शकला नाही.' आकृतीत तिने हारसुद्धा काढला होता आणि बाणाने दाखवलं होतं, इथून प्रभार जमिनीत गेला.

सरांनी ते पान तीनदा वाचलं. तेहतीस वर्षांत असं एक पान कोणी लिहिलं नव्हतं. त्यांनी लाल पेन उघडलं, दहापैकी दहा लिहायला.

"ते तेवढं बघून घ्या सर," मोतीलाल मागून म्हणाला. तो तिथेच उभा होता. "एकशे एकोणीस एक म्हणतात आणि एक वेगळंच म्हणते. परीक्षक विचारतील, खरं काय? मग सगळ्यांचंच बघतील. क्लासचं बघतील, हजेरी बघतील. पोरीचे मार्क जातील ते वेगळे. आणि भाऊंनी उद्घाटन केलेल्या यंत्राखाली 'चाललं नाही' असं तुमच्या सहीने? मे महिन्यात पेन्शनची फाइल माझ्याच टेबलावरून जाणार आहे सर, म्हणून आपलं सांगतो."

सरांनी दिपमालाला बोलावलं.

ती आली, वही बघितली, लाल पेन बघितलं आणि हसली. तिला वाटलं, शाबासकी आहे. सरांनी खाली बघत सांगितलं की बेटा, परीक्षकांपुढे सगळ्यांचं सारखं असलेलं बरं. तुझेच मार्क जातील. प्रयोग नऊ जरा नीट करून आण.

"पण सर, पडली नव्हती ना ठिणगी."

"हो."

"मग?"

"पडते, बेटा. एरवी पडते. मी बघितलीये."

वादावादी करणारी मुलगी नव्हती ती. तिने खुर्ची ओढली, पिशवीतून खोडरबर आणि पेन काढलं. "कारण पण खोडू?"

"खोड."

तिने हार खोडला. बाण खोडला. कारणाच्या तीन ओळींवर पट्टी ठेवून सरळ रेघा मारल्या. मग 'ठिणगी स्पष्ट दिसली' असं नीट अक्षरात लिहिलं आणि पेन उचलून थांबली.

"किती सेंटिमीटर लिहू, सर?"

सरांनी गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं जर्नल ओढलं, नववा प्रयोग काढला आणि चष्मा लावून बघितलं.

"चार," ते म्हणाले, आणि तिची शाई वाळायच्या आत खाली सही केली.